डावीकडे न गेलेले पास

टोलेडो, ओहायो
सोमवार, १४ ऑक्टोबर २०१९

इलोना,

तुझा पत्ता मारिका आत्याकडून घेतला. तिच्यावर रागावू नकोस. तीन वेळा ती नाही म्हणाली. चौथ्यांदा मी तिच्या स्वयंपाकघरातून हललोच नाही, तेव्हा दिला. डुलुथला तू म्हाताऱ्यांना पुन्हा चालायला शिकवतेस हेही तिनंच सांगितलं. बापाला उत्तर पाठवायलाच हवं असं नाही. दोन वर्षं मी फोन उचलतो आणि ठेवतो, त्यापेक्षा कागद बरा.

काल आपण ओमाहाला हरवलं, सत्तावीस–चोवीस. सवयीनं ‘आपण’ लिहिलं. तू ग्लासमेन संघात नाहीस आता, माहीत आहे. कोल्बी हारग्रोव्हनं एकतीस पास टाकले, चोवीस झेलले गेले, तीन टचडाऊन. आज पेपराचं पहिलं पान भरून त्याचाच फोटो. बेकरीतल्या बाईनं मला पावाबरोबर एक खसखशीचा रोल तसाच दिला आणि म्हणाली, ‘तुमच्या क्वार्टरबॅकला सांगा, आमच्याकडून.’ जसं काही मीच त्याला जन्माला घातलंय.

मी त्याला शंभरातले अठ्ठावन्न गुण दिले.

माझं काम तुला ठाऊक आहे. सोमवारी सकाळी सातला फिल्म लावायची, प्रत्येक डाव पुढे-मागे करत सहा वेळा बघायचा, प्रत्येक खेळाडूपुढे अधिक, उणे किंवा शून्य लिहायचं आणि अकराला तक्ता मुख्य प्रशिक्षक डचरच्या टेबलावर ठेवायचा. फुटबॉलमध्ये बावीस वर्षं हेच. संघ जिंकला की तक्ता कुणी वाचत नाही, एवढाच काय तो फरक.

तर एकतीस पासांपैकी अठ्ठावीस उजवीकडे किंवा मधे. डावीकडे फक्त तीन, आणि त्यातले दोन त्यानं नजर न वळवता टाकले, आपण घरातला जिना न बघता उतरतो तसे. सात वेळा डावीकडचा झेलणारा हात वर करून एकटा उभा होता. सातही वेळा हारग्रोव्हला तो दिसला नाही. तीन सेकंदांत चार जणांतून एक निवडायचा हीच क्वार्टरबॅकची नोकरी. हा दोघांतूनच निवडतोय. गेल्या वर्षी हाच पोरगा आधी डावीकडे बघायचा.

अडतिसावा डाव मी अकरा वेळा पाहिला. डावीकडून त्यांचा एक धिप्पाड गडी मोकळा सुटून येतोय, आणि हारग्रोव्ह बस स्टॉपवर उभा असल्यासारखा उभा. धडक बसेपर्यंत त्याच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. दुसरी गोष्ट. आपला सेंटर फाले, तो सामोआचा, चेंडू मागे देण्याआधी ओरडून सांगतो. ओठ स्पष्ट दिसतात: ‘डावा, डावा, दोन पावलं.’ समोर कोण कुठे उभा आहे हे क्वार्टरबॅकनं सेंटरला सांगायचं असतं. इथे उलटं चाललंय. आणि जो धावपटू त्याच्या उजवीकडे उभा राहायचा, तो आता प्रत्येक पासाला डावीकडे.

हे आपोआप होत नाही. कुणीतरी बसून जुळवलंय.

डचरनं मला खोलीत बोलावलं.

‘गस, अठ्ठावन्न? पोराला काल खांद्यावरून नेलंय लोकांनी.’

‘नेणाऱ्यांनी फिल्म पाहिलेली नाही.’

‘अकरा वर्षांनी आपण बाद फेरीत जातोय. हा तक्ता खेळाडूही वाचतात. त्याच्या मनात किडा सोडायचाय का तुला?’ त्यानं तक्ता माझ्याकडे सरकवला आणि वर खोडरबर ठेवलं.

मी अंक बदलला नाही.

एकच विचारायचं होतं. माणसाला एका बाजूचं दिसेनासं झालं तर तो कसा वागतो? तुला कळेल. पण नको सांगूस. माझं मी बघतो.

अपू

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

इलोना,

या रविवारी सामना नाही, म्हणून संघ इथेच आहे आणि मला माणसं बघायला वेळ आहे. फिल्ममध्ये माणूस फसवू शकत नाही. जेवणाच्या हॉलमध्ये फसवू शकतो, म्हणून काल मी मुद्दाम हारग्रोव्हच्या समोर जाऊन बसलो.

तो टेक्सासमधल्या त्याच्या गावच्या तळ्याबद्दल सांगत होता, मांजरमासे कसे हातानं पकडतात ते. सगळे ऐकत होते. मी त्याच्या उजव्या हाताजवळचा कॉफीचा कप उचलला आणि डाव्या कोपरापासून चार बोटांवर ठेवला. निर्लज्ज काम. पण केलं. बोलता बोलता त्याचा उजवा हात टेबल चाचपायला लागला. मग तो समोर बघूनच म्हणाला, ‘कुणी पळवली रे माझी कॉफी?’ सगळे हसले. कप तिथेच होता, वाफा येत होत्या. तो उठला आणि कोपर लागून कप सांडला.

हॉलमध्ये आणखी हशा. फाले पुसायला नॅपकिन घेऊन आला. तो मला पहिल्या वर्षापासून काका म्हणतो. टेबल पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘काका, तुमच्या समोरच्या कपांना पाय फुटतात वाटतं.’

म्हणजे त्यानं बघितलं होतं. आणि तो गप्प बसला. का?

तिथून मी प्रूइटकडे गेलो. तुझ्या जागी खेळाडूंच्या दुखापती बघायला आलेला ट्रेनर. तुझी खुर्ची त्यानं बदलली आहे, टेबल तेच आहे.

‘हारग्रोव्हचे डोळे तपासलेत का?’ मी विचारलं.

‘तपासले. अक्षरांचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. का?’

‘सहज.’

‘मिस्टर किश, या इमारतीत सहज कुणी काही विचारत नाही.’

असं म्हणून त्यानं खण लावून घेतला. खालचा, डावीकडचा. मी आत आलो तेव्हा तो उघडा होता. काय होतं त्यात? त्या खणात तू लॅमर टब्सची फाईल ठेवायचीस ना?

लॅमरचं नाव या पत्रात काढायचं नाही असं ठरवून बसलो होतो. निघालं. इथेच थांबतो.

अपू

सोमवार, २८ ऑक्टोबर

इलोना,

गुरुवारी तुझं कार्ड आलं. आधी वाटलं वीज कंपनीचं. नाव नाही, गाव नाही, खाली सही नाही. पण ‘ड’ची शेपटी तू सातवीपासून तशीच काढतेस.

‘डोळे बघू नका, मान बघा. डावीकडे वळताना नुसतं डोकं वळतं की खांद्यासकट सगळा वळतो? ऑगस्टपासून मान दुखते का, विचारा. डोळ्याचं नसेल, मागच्या मेंदूचं असेल. तसं असेल तर पुढची धडक शेवटची ठरू शकते.’

पाच वाक्यं. दोन वर्षांत तू मला दिलेली.

काल मेम्फिसला हरवलं, वीस–सतरा. हारग्रोव्हनं शेवटच्या मिनिटाला टचडाऊन केलं, उजवीकडे अर्थातच. आज मी फक्त मान बघितली. एकोणसाठ डाव, नुसती मान. तू म्हणतेस तसंच आहे. तो दार उघडल्यासारखा सगळा वळतो, खांदे आधी, डोकं मागून. घोळक्यात उभा असताना तळहातानं मानेची डावी बाजू दाबतो. नऊ वेळा दाबली.

मी त्याला गाठून विचारायला हवं होतं. तो समोरून आला. ‘मिस्टर किश, आज किती दिलेत?’ असं हसून म्हणाला, आणि मी म्हटलं, ‘वाचशील उद्या.’ झालं. एवढंच विचारणं.

आता एक कबूल करतो. ओमाहाच्या तक्त्यावरचा अंक मी बदलला नाही असं तुला लिहिलं होतं. बदलला होता. अठ्ठावन्नचे चौऱ्याहत्तर केले, डचरच्या समोर, त्याच्याच खोडरबरनं. आज माझ्या हिशेबानं बावन्न होत होते. सत्तर लिहिले. डचर म्हणाला, ‘बघ, सुधारतोयस.’ मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, ‘तीन पोरं अर्ज घेऊन आली आहेत, गस. कॉम्प्युटरवर हेच काम दुपारपर्यंत करतात. मीच त्यांना थांबवून ठेवलंय.’

मी सहासष्ट वर्षांचा आहे. त्या अंधाऱ्या खोलीशिवाय मला दुसरं काही येत नाही. हे कारण नाही, तुला नुसतं कळवतोय.

प्रूइटला माहीत आहे. डचरला माहीत आहे. फालेला तर आहेच. सगळे मिळून त्या पोराला उभा करतात आणि सगळे माझ्याकडे असे बघतात, जणू मीच काही चोरलंय.

कार्डाबद्दल आभारी आहे.

अपू

बुधवार, ३० ऑक्टोबर

इलोना,

तुझं कार्ड आज पुन्हा वाचलं. मग त्याआधीच्या माझ्या दोन्ही पत्रांच्या नकला काढून वाचल्या. हो, मी नकला ठेवतो.

‘ऑगस्टपासून’ असं तू लिहिलंस. मी ऑगस्ट कुठेही लिहिलेलं नाही. गेल्या वर्षी तो डावीकडे बघायचा, एवढंच लिहिलंय. मानेबद्दलही मी एक अक्षर लिहिलं नव्हतं. मग मान तुला कुणी सांगितली? महिना कुणी सांगितला?

तुझं इथल्या कुणाशी तरी बोलणं चालू आहे. प्रूइटशी? तुझ्याच जागेवर बसलेल्या माणसाशी? की डचरनं तुला गाठलंय? मला घालवायला त्याला कारण हवंय, हे मीच तुला लिहून दिलं. माझी पत्रं तू कुणाला वाचून दाखवतेस? मारिका तीन वेळा नाही का म्हणाली, तेही आता मला वेगळंच वाटायला लागलंय.

एकदा तुला वाटलं असेल की बापानं तुला भर खोलीत एकटं पाडलं, आता आपली पाळी. तसं असेल तर सरळ लिही. पोस्टाचं तिकीट मी पाठवतो.

शनिवार, २ नोव्हेंबर

इलोना,

बुधवारचं पत्र तुला आज किंवा सोमवारी मिळेल. ते फाडून टाक. किंवा ठेव, तुझी मर्जी.

गुरुवारी हॅलोवीन होतं. संध्याकाळभर पोरं दारात येत होती, मी गोळ्यांची परात घेऊन बसलो होतो. साडेसहाला पुन्हा बेल वाजली. दार उघडलं तर सगळं दार भरून फाले उभा. त्याच्या कमरेइतकी दोन भुतं त्याच्या मागून वाट काढून आली, गोळ्या घेऊन गेली. तो तसाच उभा.

‘काका, आत घेणार की मलाही गोळी देऊन पाठवणार?’

तुझ्या आईच्या खुर्चीवर बसला. ती खुर्ची करकरली तशी मी डोळे मिटले. मी ठरवलंच होतं की हा मला धमकावायला आलाय. म्हणून आधी मीच तोंड उघडलं. ‘किती दिवस चाललंय हे? कुणी सांगितलं तुला त्याला झाकायला?’

‘त्यानंच. ऑगस्टमध्ये सरावाला मानेवर धडक बसली. दहा मिनिटं त्याला डोळ्यांपुढे चमचम दिसत होती, मग डावीकडचा एक तुकडा गेला तो परत आला नाही. मला शपथ घातली. मी पाळली. चूक केली.’

‘आणि प्रूइट? डचर?’

‘प्रूइटला काही माहीत नाही. समोरची अक्षरं कोल्बीला दिसतात, तो सगळी वाचून दाखवतो. डचरचं देव जाणे.’ मग तो पुढे वाकला. ‘सप्टेंबरमध्ये मी घाबरलो. या संघात एकच माणूस होतं ज्यानं खेळाडूचं हेल्मेट काढून घेतलं होतं आणि परत दिलं नव्हतं. मी इलोनाला फोन केला.’

म्हणजे तू. तू सप्टेंबरपासून त्याच्याशी बोलत होतीस. त्याला बाहेरच्या डॉक्टरकडे न्यायला सांगत होतीस, आणि हारग्रोव्ह ऐकत नव्हता. मला काही होत नाही, परत येईल, म्हणायचा. मी फालेला विचारलं, ‘मग ती मला का नाही बोलली? माझ्याकडे फिल्म होती. एका दिवसात त्याच्यापुढे मांडली असती.’

फालेनं खाली बघितलं. एवढा मोठा माणूस, पण पोरासारखा हात चोळत बसला. ‘मी तेच म्हटलं तिला. ती म्हणाली, म्हाताऱ्याला सगळं दिसतं. लिहीत नाही.’

त्यानंतर बराच वेळ बेल वाजत होती. आम्ही दोघंही उठलो नाही.

काल सकाळी मी हारग्रोव्हला फिल्मच्या खोलीत बोलावलं. डचरला सांगितलं नाही. ओमाहाचे सात डाव आणि मेम्फिसचे पाच, सगळे एकापाठोपाठ लावले. बारा वेळा डावीकडे एक माणूस हात वर करून उभा. पडदा मोठा आहे. पडद्याची डावी कड बघायला त्याला खुर्चीत सगळं वळावं लागत होतं. तिसऱ्या डावापासून तो वळायला लागला.

‘हा तिथे होता?’ त्यानं विचारलं.

‘बाराही वेळा.’

‘मला वाटायचं डाव तसा आखलाय. तिकडे कुणी नसतं.’ मग खूप हळू म्हणाला, ‘घरी मुलगी डावीकडून येऊन मिठी मारते तेव्हा मी दचकतो. ती आता समोरूनच येते. तिला कुणी सांगितलेलं नाही.’

मी दिवा लावला. तो भिंतीकडे बघत होता.

‘तुम्हाला कधी कळलं, मिस्टर किश?’

मी ऑक्टोबर म्हणणार होतो. तुलाही मी ऑक्टोबरच भासवलंय. खरं म्हणजे सप्टेंबरच्या दुसऱ्या सामन्यात कळलं होतं. तेव्हाही मी अधिक लिहून पान उलटलं. त्याला तसंच सांगितलं.

‘आज नोव्हेंबरची पहिली,’ तो म्हणाला.

‘हो.’

‘मग मी एकटाच चोर नाही.’

तो ओरडला नाही. ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं. त्यानं फोन काढून टेबलावर ठेवला. ‘लीगचा तो डॉक्टर असतो ना, कुठल्याच संघाचा नसलेला, त्याला तुम्ही लावा. मी लावला तर मधेच ठेवीन.’

मी लावला. मग दोन्ही सामन्यांचे तक्ते नव्यानं लिहिले. अठ्ठावन्न आणि बावन्न. शेऱ्याच्या रकान्यात, जिथे मी बावीस वर्षांत तीन शब्दांपेक्षा जास्त लिहिलेलं नाही, तिथे लिहिलं: डावीकडचं दिसत नाही, ऑगस्टपासून, मला सप्टेंबरपासून माहीत. सही केली. एक प्रत डचरला, एक प्रूइटला, एक लीगला.

प्रूइट पांढरा पडला. खरंच माहीत नव्हतं त्याला. खणाचं विचारलं तर म्हणाला, ‘माझा डबा असतो त्यात. कुणीतरी रोज सॅंडविच खातं.’ त्या खणावर मी दोन आठवडे घालवले होते.

डचर मात्र दार लावून उभा राहिला. ‘हंगाम संपवलास तू.’

‘तुला माहीत होतं?’

‘मी कुणाला विचारलं नव्हतं,’ तो म्हणाला. हे मात्र मला खरं वाटलं.

आता लॅमरचं. हे मी तोंडानं कधी बोललेलो नाही, म्हणून लिहून देतो. सप्टेंबर २०१७, तिसरं सत्र, चौदावा डाव. लॅमर टब्स धडकेनंतर उठला आणि समोरच्या संघाच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला. चार सेकंद. एकाच कॅमेऱ्यात आहे, टोकाकडच्या. मग त्यांच्यातल्या एकानं त्याला वळवून आपल्याकडे ढकललं. तू त्याचं हेल्मेट घेतलंस. डचरनं दुसरं दिलं आणि चौथ्या सत्रात त्याला पुन्हा आत पाठवलं, पुन्हा धडक बसली. चौकशीच्या दिवशी त्यांनी मला विचारलं, तुम्ही सहा वेळा बघता, तुम्हाला काय दिसलं. तू माझ्या समोर बसली होतीस, निळा कोट घालून. मी म्हटलं, मला काही दिसलं नाही. तक्त्यावर शून्य आहे.

मला दिसलं होतं, इलोना. चार सेकंद. मी ती सहा नाही, चाळीस वेळा पाहिली होती.

अपू

रविवार, ८ डिसेंबर

इलोना,

फालेनं तुला कळवलं असेलच, तरी लिहितो. हारग्रोव्हच्या मानेतली एक रक्तवाहिनी आतून फाटली होती. तिथून गुठळी वर गेली आणि मेंदूच्या मागच्या भागातला एक तुकडा मेला. तेवढं दिसणं परत येणार नाही. अॅन आर्बरच्या डॉक्टरनं त्याच्या बायकोला सांगितलं की आणखी एक जोराची धडक बसली असती तर तिच्याशी वेगळं बोलावं लागलं असतं. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू आहेत. खेळणं संपलं. तो टेक्सासला गेला. जाताना माझ्याशी बोलला नाही, आणि मीही त्याच्या समोर गेलो नाही.

आपण पाच सामने ओळीनं हरलो. मला निवृत्तीचं पत्र दिलं, खाली एक चषक काढलेला. दोनदा पहाटे ओसरीवर अंडी फुटलेली सापडली. शेजारच्यांपैकी कुणीतरी आहे. कोण ते मला माहीत आहे, पण जाऊ दे. बेकरीतली बाई पाव देते, वर बघत नाही.

तुझं पाकीट चौदा नोव्हेंबरला आलं. आत पत्र असेल म्हणून मी हात धुऊन उघडलं. आत एका ओळीचा पत्ता. लॅमरचा, लायमा गावचा. बाकी कोरं.

मला आधी काय वाटलं ते सांगतो, कारण न सांगण्याची सवय मोडायची आहे. मला वाटलं, हा सापळा आहे. तिथे वकील बसलेला असेल. नाहीतर लॅमरचा भाऊ. तू मला तिथे पाठवून बघणार आहेस की मी जातो का. तीन आठवडे तो कागद फ्रिजवर होता. काल गेलो.

लाल विटांचं बसकं घर. त्याच्या बहिणीनं दार उघडलं. रनेटा. ती शाळेत स्वयंपाक करते, हाताला कांद्याचा वास होता. मी नाव सांगितलं तेव्हा तिनं जाळीचं दार उघडलं नाही, जाळीतूनच विचारलं, ‘तुमच्याच मुलीला काढलं ना?’

‘हो.’

‘ती दर ख्रिसमसला फोन करते. तुमच्याकडून कधी काही आलं नाही.’

‘नाही.’

‘मग आज काय?’

‘त्याला सांगायचंय काहीतरी.’

तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मीही तिच्या मागे कोण उभं आहे का ते बघत होतो. कुणी नव्हतं. मग तिनं कडी काढली.

लॅमर सोफ्यावर बसला होता, मांडीवर पांघरूण. एकतीस वर्षांचा आहे. अंगानं भरलाय, चेहरा तोच आहे, पण तो पापण्या लवकर मिटत नाही. टीव्हीवर कुठलातरी कॉलेजचा सामना चालू होता, आवाज बंद करून. मी त्याच्या समोर खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं. चौदावा डाव, चार सेकंद, चुकीचा घोळका. इलोनानं तुला वाचवायला बघितलं. मला दिसलं होतं आणि मी नाही म्हटलं. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग कपाळाला आठ्या घालून आठवायचा प्रयत्न केला. तो प्रयत्न मला दिसत होता, इलोना. सहा वेळा मागे-पुढे करायची गरज नव्हती.

‘तो सामना मला आठवत नाही,’ तो म्हणाला. ‘कुणी सांगत पण नाही नीट. आम्ही जिंकलो का?’

मी म्हटलं, ‘हो. चौदा–दहा.’

‘अच्छा,’ तो म्हणाला, आणि त्याला खरंच आनंद झाला. बहिणीकडे वळून त्यानं सांगितलं, ‘जिंकलो होतो गं.’

रनेटा दारातच उभी होती. ती आत गेली, वही आणि पेन घेऊन आली आणि माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाली, त्याच्या उपचाराचा अर्ज दोनदा परत आलाय, कारण धडक खेळताना बसली याला साक्षीदार नाही. ‘आता बोललात ते लिहा. सगळं. मुलीचंही.’

मी लिहिलं. डाव, सत्र, कॅमेरा, सेकंद. ट्रेनर इलोना किश यांचं म्हणणं पहिल्यापासून शेवटपर्यंत बरोबर होतं, हे वेगळ्या ओळीत लिहिलं. चौकशीत मी खोटं बोललो, हे त्याच्या खाली. पूर्ण नाव, तारीख, सही. पेन नवं होतं, पुसता येणार नाही असं. तिनं ते मुद्दाम निवडलं असणार, असं माझ्या मनात आलं.

तिनं उभ्यानंच वाचलं, ओठ हलवत. एकदा, मग परत वरून. मी कोट घ्यायला उठलो.

‘बसा,’ ती म्हणाली. तिनं टीव्ही बंद केला आणि वही माझ्याकडे परत दिली. ‘आता हे मोठ्यानं वाचा. त्याच्याकडे बघून. तो विसरेल, विसरू दे. मी विसरणार नाही.’

मी वाचलं.

अपू